डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स

सुरतेजवळ इच्छापोरला राहू लागल्यापासून मला कापसाच्या इतिहासाचा नाद लागला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस तुटला आणि लँकेशायरच्या गिरण्या सुरती कापसावर धावू लागल्या. त्याच वर्षी या कापूस-प्रश्नावर फ्रेंच भाषेत पुस्तिका लिहिणारा गृहस्थ गोव्याचा एक डॉक्टर होता, हे वाचून मी चकित झालो.

फ्रान्सिस्को लुईस गोम्स यांचा जन्म ३१ मे १८२९ रोजी सासष्टीतील नावेली गावी झाला. पणजीच्या वैद्यक विद्यालयातून शिकून ते लष्करात शस्त्रवैद्य झाले. पुढे १८६० साली गोव्याच्या मतदारांनी त्यांना लिस्बनच्या संसदेत पाठविले. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा निवडून आलेला प्रतिनिधी ही कल्पनाच नव्हती. दादाभाई लंडनच्या संसदेत पोचले ते १८९२ साली! अर्थात गोव्यातही मताचा हक्क मोजक्या सधनांनाच होता, हे विसरून चालणार नाही.

जानेवारी १८६१ मध्ये ते सभागृहात बसतात न बसतात तोच वसाहतींना संसदेत प्रतिनिधित्व हवेच कशाला, असा वाद निघाला. या नवख्या सभासदाने उभे राहून वसाहतींचा हक्क असा मांडला की त्यांचे नाव झाले. त्याच महिन्यात त्यांनी फ्रेंच कवी लामार्तीन यांना पत्र लिहिले. त्यात आपण हिंदी असल्याचा अभिमान आहे आणि हिंदुस्थानासाठी स्वातंत्र्य हवे, अशी स्पष्ट मागणी होती. पोर्तुगालच्या संसदेचा सभासद आणि हिंदी स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता, या दोन भूमिकांचा मेळ त्यांनी मनात कसा घातला असेल? मला तरी तो पुरता बसलेला दिसत नाही, आणि त्यांचे लेखन वाचनीय ठरते ते याच ओढाताणीमुळे. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्राह्मण’ या पोर्तुगीज कादंबरीत ही ओढाताण उघड होते. कथा अयोध्या प्रांतातील फैजाबादची, पार्श्वभूमी १८५७ ची. जातीचा अहंकार बाळगणारा हिंदू आणि कातडीचा अहंकार बाळगणारा गोरा, हे दोघेही त्यांच्या लेखी ‘ब्राह्मण’च!

अर्थशास्त्रावर ग्रंथ झाला, पोंबालचे चरित्र झाले. पण क्षयाने शरीर पोखरले होते. मायदेशी परतताना ३० सप्टेंबर १८६९ रोजी बोटीवरच, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. देह समुद्रार्पण करण्यात आला. सुएझचा कालवा खुला व्हायला तेव्हा दीड महिना अवकाश होता.