विश्लेषण : जेरुसलेमहून परत पाठवलेला यात्रेकरू… कोण होते संत इग्नेशियस लोयोला?

जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाच्या दर्शनासाठी दर दहा वर्षांनी देशोदेशीचे भाविक येतात. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळातही ते आले. झेवियर यांना भारतात धाडणारे त्यांचे वडीलधारे मित्र संत इग्नेशियस लोयोला हे मात्र स्वतःची ओळख अखेरपर्यंत एक साधा यात्रेकरू अशीच सांगत. ज्या जेरुसलेमसाठी त्यांनी घरदार सोडले, तेथून त्यांना अवघ्या तीन आठवड्यांत परत पाठवण्यात आले. ती यात्रा का अडली आणि तिच्यातून पुढे काय उभे राहिले, याविषयी…

सैनिक यात्रेकरू कसा झाला?

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ मधला. आजच्या स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतात, अझ्पेतिया गावाजवळच्या लोयोला गढीत. मूळ नाव इनिगो. १३ भावंडांतले ते धाकटे. तरुणपण सरदारांच्या पदरी गेले. तलवारबाजी, उंची कपडे आणि मानपान हेच त्यांचे जग होते. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याशी लढताना तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला, डाव्या पायालाही जखम झाली. शत्रूनेच त्यांना पालखीतून घरी पोहोचवले.

हाड नीट जुळले नाही, म्हणून पाय पुन्हा मोडून बसवावा लागला. तरी गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला. घट्ट बुटात तो वाईट दिसेल म्हणून भूल नसलेल्या त्या काळात त्यांनी तो करवतीने कापून घेतला. लंगडणे मात्र जन्मभर राहिले.

अंथरुणावर वेळ जाईना. वाचायला शूरवीरांच्या प्रेमकथा हव्या होत्या. पण गढीत होते फक्त ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथांचा संग्रह. नाइलाजाने वाचलेल्या त्या पुस्तकांनी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून दिली. पराक्रमाची आणि एका थोर घराण्यातील स्त्रीची स्वप्ने पाहताना मजा वाटे. पण नंतर मन कोरडे पडे. अनवाणी जेरुसलेमला जाण्याचा विचार मात्र मनात आला, की त्याचा आनंद नंतरही टिके. कोणता विचार मागे काय ठेवून जातो, हे तपासण्याची त्यांची पुढची सारी पद्धत या निरीक्षणातून निघाली.

माँसेरातला काय घडले?

१५२२ च्या सुरुवातीला ते खेचरावर बसून निघाले. जुना स्वभाव लगेच सुटला नव्हता. वाटेत एका मुस्लीम वाटसरूशी मरियेच्या कौमार्यावरून वाद झाला. तो पुढे निघून गेल्यावर त्याला गाठून खंजीर चालवावा की सोडून द्यावे, हे इग्नेशियस यांना ठरवता येईना. अखेर त्यांनी फाट्यावर लगाम सैल सोडला. खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळले तर वार करायचा, असे ठरले. खेचराने दुसरा रस्ता धरला. धर्माच्या नावाखाली त्यांच्या हातून होऊ पाहणारा खून असा टळला. हा प्रसंग त्यांनी उतारवयात आत्मकथन सांगताना लपवला नाही.

बार्सिलोनाजवळच्या माँसेरात डोंगरावरील मठात काळ्या वर्णाच्या मरियेची मूर्ती आहे. स्पेनमधल्या मोठ्या तीर्थक्षेत्रांपैकी हे एक. तेथे त्यांनी आयुष्यभराची पापे लिहून काढून तीन दिवस पापनिवेदन केले. २४ मार्च १५२२ च्या रात्री उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले, स्वतः गोणपाटाचा अंगरखा घातला, तलवार आणि खंजीर वेदीपाशी ठेवून रात्रभर जागर केला. नवे सरदार शस्त्रे धारण करण्याआधी असा जागर करीत. इग्नेशियस यांनी तोच विधी शस्त्रे सोडण्यासाठी वापरला. दुसऱ्या दिवशी कळले, की त्या भिकाऱ्यावर कपडे चोरल्याचा आळ आला आहे. आपल्या दानाने गरिबाला अडचणीत आणले, या जाणिवेने त्यांना रडू कोसळले.

मान्रेसात ११ महिने का थांबले?

माँसेरातच्या पायथ्याकडील मान्रेसा गावात ते काही दिवसांसाठी उतरले आणि जवळपास ११ महिने राहिले. भीक मागून खात, दिवसाला सात तास प्रार्थना करीत. एकेकाळी केसांची निगा राखणाऱ्या या माणसाने केस-नखे वाढू दिली. पुढे मनाने उलट खाल्ली. सांगितलेली पापे पुन्हा पुन्हा आठवत, क्षमा मिळाली यावर विश्वास बसेना. जीव द्यावा असेही विचार येऊ लागले. आठवडाभर अन्नपाणी सोडले, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने उपास मोडायला लावला. देहाला छळून शांती मिळत नाही, हे त्यांना हळूहळू उमगले. कार्दोनेर नदीकाठी बसले असताना त्यांना आतून जे दिसले, त्याने सारेच नवे वाटू लागले, असे ते पुढे सांगत. येथील टिपणांतूनच त्यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकाराला आला.

तेव्हा जेरुसलेमची यात्रा किती अवघड होती?

जेरुसलेम १५१७ पासून ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होते. डिसेंबर १५२२ मध्ये ऱ्होड्स बेटही तुर्कांनी जिंकले. त्यामुळे १५२३ मध्ये व्हेनिसला जमलेले कित्येक यात्रेकरू घाबरून घरी परतले. यात्रेसाठी पोपची परवानगी लागे. इग्नेशियस यांनी ती रोमला जाऊन मिळवली. पैसा मात्र जवळ ठेवायचा नाही, हा त्यांचा हट्ट होता. बार्सिलोनाहून निघताना उरलेली नाणी त्यांनी किनाऱ्यावरच्या बाकावर ठेवून दिली. व्हेनिसमध्ये ते सेंट मार्क चौकात झोपत. अखेर व्हेनिसचे प्रमुख आंद्रेआ ग्रिती यांनी त्यांना जहाजावर फुकट जागा देवविली.

१४ जुलै १५२३ रोजी जहाज निघाले. सायप्रसमार्गे याफा बंदर आणि तेथून गाढवांवरून जेरुसलेम, असा प्रवास होता. त्या वर्षीच्या यात्रेकरूंपैकी झुरिकचे पीटर फ्युस्ली यांनी रोजनिशी ठेवल्यामुळे या प्रवासाचा तपशील आज मिळतो. ४ सप्टेंबरला शहर दृष्टीस पडण्याआधी सारे गप्प झाले, गाढवांवरून उतरले आणि क्रूस घेऊन सामोऱ्या आलेल्या फ्रान्सिस्कन संन्याशांमागून चालू लागले. पवित्र कबरीचे चर्च, बेथलेहेम, जैतुनाचा डोंगर, यार्देन नदी अशी ठरलेली स्थळे पाहून बाकीचे परतणार होते. इग्नेशियस मात्र परतण्यासाठी आलेच नव्हते.

त्यांना परत का पाठवले?

जेरुसलेमलाच राहायचे, पवित्र स्थळांचे दर्शन घेत लोकांना आध्यात्मिक मदत करायची, हा त्यांचा बेत होता. पवित्र स्थळांची देखभाल १४ व्या शतकापासून फ्रान्सिस्कन संघाकडे आहे. त्यांच्या प्रांतप्रमुखांनी नकार दिला. कारण व्यवहाराचे होते. असे मागे राहिलेले काही जण मारले गेले होते, काही पकडले गेले होते आणि त्यांची सुटका खंडणी भरून करण्याची पाळी मठावर आली होती. भीती दाखवून आपण बेत बदलणार नाही, असे इग्नेशियस यांनी कळवले. तेव्हा न ऐकणाऱ्याला धर्मबहिष्कृत करण्याचा पोपने दिलेला अधिकार प्रांतप्रमुखांनी पुढे केला. अधिकारपत्र वाचायचीही गरज नाही, असे म्हणून इग्नेशियस यांनी आज्ञा मानली.

निघण्याआधी ते एकटेच गुपचूप जैतुनाच्या डोंगरावर गेले. ख्रिस्त स्वर्गात गेला तेव्हा उमटलेली पावले म्हणून तेथे एक शिळा दाखवली जाते. पहारेकऱ्यांना चाकू देऊन त्यांनी आत प्रवेश मिळवला. दर्शन घेऊन पुढे गेल्यावर आठवले, की उजवे पाऊल कोणत्या दिशेला आणि डावे कोणत्या, हे पाहायचेच राहिले. पुन्हा डोंगर चढले आणि या वेळी कात्री देऊन पाहून आले. इकडे मठात शोधाशोध सुरू झाली होती. मठाच्या नोकराने काठी उगारत त्यांना दंडाला धरून परत आणले.

दुसरी यात्रा का हुकली?

जानेवारी १५२४ मध्ये ते व्हेनिसला परतले, तेव्हा पुढे काय, हा प्रश्न होता. लोकांना मदत करायची तर शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि तिशी उलटल्यावर बार्सिलोनात मुलांबरोबर बसून लॅटिन गिरवायला घेतले. धर्मगुरू नसताना धर्माविषयी बोलतात म्हणून अल्काला आणि सालामांका येथे त्यांना तुरुंगात राहावे लागले. दोन्हीकडे सुटका झाली. १५२८ मध्ये ते पॅरिसला गेले. तेथे पीटर फावर आणि फ्रान्सिस झेवियर हे खोलीसोबती भेटले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि जेरुसलेमयात्रेचे व्रत घेतले. मात्र या वेळी त्यात एक वाट मोकळी ठेवली होती. ठरावीक मुदतीत जाणे जमले नाही, तर पोप सांगतील तेथे जायचे. १५३७ मध्ये सारे व्हेनिसला जमले. पण व्हेनिस आणि तुर्क यांच्यात युद्ध पेटले आणि यात्रेकरूंचे जहाज निघालेच नाही. त्याच वर्षी धर्मगुरूपदाची दीक्षा मिळूनही इग्नेशियस यांनी पहिली मिस्सा दीड वर्ष लांबवली. १५३८ च्या नाताळात त्यांनी ती रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमध्ये अर्पण केली. बेथलेहेमच्या गोठ्यातील गव्हाणीचे मानले जाणारे लाकूड तेथे जतन केलेले आहे. बेथलेहेमला पुन्हा जाणे नशिबी नव्हते, तेव्हा त्यांनी त्याच्या जवळात जवळची जागा निवडली.

यात्रेचा अर्थ कसा बदलला?

२७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला, म्हणजे जेझुइट संघाला मान्यता दिली. इग्नेशियस त्याचे पहिले प्रमुख झाले आणि उरलेले आयुष्य बहुतेक रोममध्ये पत्रे लिहिण्यात गेले. जग फिरण्याची हौस असलेला माणूस टेबलाला बांधला गेला.

पण यात्रा संपली नव्हती, तिचे रूप पालटले होते. त्यांच्या साधनाग्रंथात साधकाला घरबसल्या डोळ्यांपुढे स्थळ उभे करायला सांगितले आहे. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब, सपाट की डोंगरदऱ्यांतून जाणारा, हे मनाने पाहायचे. पावलांची दिशा पाहण्यासाठी कात्री देणाऱ्या माणसाची नजर या सूचनेत दिसते. ज्यांना जेरुसलेम कधीच गाठता येणार नाही, अशांसाठीही ती वाट खुली झाली.

संघात येणाऱ्या नवशिक्यांनी महिनाभर पैशाविना, भीक मागत यात्रा करावी, असा नियमही त्यांनी घातला. खायला आणि निजायला काय मिळेल हे ठाऊक नसताना माणूस कशावर विसंबतो, ते त्याचे त्याला कळावे, हा त्यामागचा हेतू. पवित्र स्थळाचे मोल त्यांनी कधी कमी केले नाही. पण स्थळावर हक्क सांगता येत नाही आणि तेथून निघावे लागले तरी बोलावणे संपत नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखवले.

गोव्याशी आणि मराठीशी संबंध काय?

पोपच्या मान्यतेचीही वाट न पाहता इग्नेशियस यांनी झेवियर यांना १५४० मध्ये रोमहून निरोप दिला. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी झेवियर यांना युरोपात बोलावणारे पत्र लिहिले. पण चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर झेवियर यांना जाऊन तेव्हा सहा महिने उलटले होते. पत्र पोहोचायला आणि बातमी यायला वर्ष-वर्ष लागे, अशा काळातली ही मैत्री होती.

याच संघातून १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे छापला गेला. बेथलेहेम आणि जेरुसलेम कधी न पाहिलेल्या कोकणपट्टीतील श्रोत्यांपुढे ती स्थळे मराठी ओवीतून उभी राहिली.

इग्नेशियस यांचे निधन ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये झाले. तोवर संघाचे सदस्य हजाराच्या घरात गेले होते. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस आणि झेवियर यांना एकाच दिवशी संतपद देण्यात आले. आज लोयोला ते मान्रेसा ही सुमारे ६५० किलोमीटरची वाट पायी चालण्यासाठी अनेक देशांतून लोक येतात. बॉम जीजस बॅसिलिकातही झेवियर यांच्या दर्शनाला जाणाऱ्यांना मुख्य वेदीवर एक भव्य पुतळा दिसतो. तो झेवियर यांचा नाही. त्यांना गोव्याला धाडून स्वतः रोममध्ये थांबलेल्या इग्नेशियस यांचा आहे.