मुळशीचे सेनापती

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती, परंतु मुलाची बुद्धी तल्लख होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शिक्षणानंतर त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९०४ साली ते एडिंबरो येथे यंत्रविद्या शिकावयास गेले. यंत्रे चालविण्याची विद्या शिकणारा हा तरुण पुढे एका मोठ्या यंत्रयोजनेच्या वाटेत आडवा उभा राहील, असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

विलायतेत त्यांनी हिंदुस्थानातील इंग्रजी राज्यावर परखड भाषण केले आणि शिष्यवृत्तीस मुकले. पुढे पॅरिसला जाऊन बाँब तयार करण्याची कृती त्यांनी हस्तगत केली व ते स्वदेशी परतले. काही वर्षे अज्ञातवासात गेली, काही तुरुंगात. १९१५ साली सुटका झाल्यावर ते पारनेरास आले. तेथे पहाटे उठून, हाती झाडू घेऊन ते गावचे रस्ते झाडीत. विलायतेहून आलेला विद्वान रस्ता झाडतो याचे लोकांना नवल वाटे. बापटांना मात्र त्यात काही विशेष वाटत नसे.

त्याच सुमारास मुंबईत एक मोठे स्थित्यंतर घडत होते. तेथील कापडाच्या गिरण्या वाफेच्या यंत्रांवर चालत. त्यासाठी लागणारा दगडी कोळसा फार दूरच्या खाणींतून आणावा लागे. तो महाग पडे आणि उंच धुराडी सारे आकाश काळवंडून टाकीत. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो. ते पाणी धरणांत अडवून, प्रचंड नळांतून कोकणाच्या बाजूस खाली सोडले, तर त्याच्या वेगाने चक्रे फिरतील व वीज उत्पन्न होईल, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. १९०४ साली ते निवर्तले. परंतु त्यांच्या पुत्रांनी काम पुढे नेले. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. योजना खरोखरच मोठ्या बुद्धीची होती, हे कबूल केले पाहिजे.

पण विजेची भूक वाढत गेली. आता मुळा नदीवर मुळशी येथे धरण बांधून भिऱ्याच्या वीजघराला पाणी पुरवावे असे ठरले. या खोऱ्यात पन्नासाहून अधिक गावे होती. येथील भातखाचरे आंबेमोहोर तांदळाबद्दल नावाजलेली. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे वंशज तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत होते. त्यांची घरे, खाचरे, देवळे, स्मशाने, सारे काही पाण्याखाली जाणार होते, आणि त्या पाण्यापासून होणारी वीज जाणार होती दूर मुंबईला. जमीन रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच कंपनीने तेथे खणावयास आरंभ केला, तेव्हा मावळे खवळले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. सुमारे बाराशे स्त्री-पुरुष धरणाच्या जागी चालत गेले व काम चालू होते तेथेच बसले. प्राण गेला तरी बेहत्तर, पण जमीन द्यायची नाही, ही त्यांची प्रतिज्ञा होती. बापट या लढ्यात अग्रभागी होते आणि त्यातूनच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. सैन्य नसलेल्या या सेनापतीच्या मागे कोयता नि कांबळे एवढीच दौलत असलेली माणसे होती. महिन्याभरात काम थांबले.

परंतु ती केवळ तहकुबी होती. सरकारने भूमिसंपादनाचा कायदा कंपनीच्या हाती दिला आणि वर्षाअखेरीस काम पुन्हा सुरू झाले. सत्याग्रही शेकड्यांनी तुरुंगात गेले; त्यांत बायकाही होत्या. दुर्दैवाने एकी टिकली नाही. बऱ्याच मावळ्यांची जमीन सावकारांकडे गहाण पडलेली होती, आणि पुष्कळ सावकार राहणारे पुण्याचे. भातखाचर बुडाले काय नि राहिले काय, रोख मोबदला हाती पडला म्हणजे त्यांचे भागत होते. हळूहळू कित्येक शेतकऱ्यांनीही निरुपायाने पैसे घेतले. ज्याच्या घरात उद्याची भाकरी नाही, त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

बापट मात्र मागे हटले नाहीत. १९२४ सालच्या डिसेंबरात त्यांनी मोजक्या सोबत्यांसह धरणाच्या कामावरील आगगाडी रुळांवर दगड रचून अडविली. या वेळी त्यांच्या हाती शस्त्र होते. शांततेच्या मार्गाने चाललेल्या लढ्याला हे शोभले की नाही, याविषयी तेव्हाही मतभेद होते व आजही आहेत. स्वतः बापटांनी काही लपविले नाही. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच धरण पुरे झाले, खोऱ्यात पाणी चढले, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

१९३१ साली ते सुटले, ते पुन्हा नव्या लढ्यांत पडण्यासाठीच. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज उभारण्याचा मान त्यांना मिळाला. पंचाहत्तरीच्या घरात असताना गोवामुक्तीच्या सत्याग्रहात ते उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुळशीहून उठलेली कुटुंबे डोंगरउतारांवर व इतरत्र विखुरली. तलावाकाठच्या कित्येक वाड्यांना विजेचा दिवा दिसण्यास पुढे अनेक दशके लागली. मुंबईत माहीम-दादरपासून लोअर परळपर्यंत जाणाऱ्या हमरस्त्याला आज सेनापती बापट मार्ग म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना एके काळी त्याच कापडगिरण्या गजबजलेल्या होत्या, ज्यांच्या चात्यांसाठी मुळशीची वीज येत असे.