इब्न अल-हैसम : अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा स्वभाव शोधणारे शास्त्रज्ञ

आपल्याला वस्तू दिसते म्हणजे नेमकं काय होतं? डोळ्यांतून किरण निघतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, असं युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारखे ग्रीक विद्वान मानत. हे उलट आहे, असं प्रयोगांच्या आधारे मांडलं ते इराकमधल्या बसऱ्याच्या अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांनी.

त्यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमाराचा. नाईल नदीच्या पाण्याला आवर घालता येईल, हे त्यांचं म्हणणं फातिमी खलिफा अल-हाकिमच्या कानावर गेलं आणि त्याने त्यांना कैरोला बोलावून घेतलं. अस्वानच्या बाजूला प्रत्यक्ष नदी पाहिल्यावर मात्र हे काम होणारं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. खलिफा लहरी, नाही म्हणणं जिवावर बेतणारं. जुने चरित्रकार सांगतात की, त्यांनी वेडाचं सोंग घेतलं आणि १०२१ मध्ये अल-हाकिम जाईपर्यंत घरातच नजरकैदेत दिवस काढले.

त्यांचा सात खंडांचा 'किताब अल-मनाझिर' साधारण याच काळातला. प्रखर सूर्याकडे पाहिलं तर डोळे दुखतात, म्हणजे बाहेरून काहीतरी डोळ्यात येतं, हा त्यांचा साधा पण बिनतोड मुद्दा. मग त्यांनी अंधारी खोली घेतली. भिंतीच्या भोकासमोर बाहेर ओळीने दिवे ठेवले. आत प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच ठिपका गायब! म्हणजे प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकाच भोकातून जाऊनही किरण एकमेकांत मिसळत नाहीत.

सुटकेनंतर ते अल-अझहरजवळ राहिले आणि ग्रंथांच्या नकला करून पोट भरलं. १०४० च्या सुमारास कैरोतच त्यांचं निधन झालं. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, १५७२ मध्ये बासेलला छापला गेला आणि केप्लरपर्यंत पोहोचला.

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, हे मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये गणिताने मांडलं. रेडिओ लहरी, प्रकाश, क्ष-किरण हे सगळं एकच कुटुंब. फरक फक्त लहरींच्या लांबीचा. निर्वात जागेत सगळ्यांचा वेग एकच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. इब्न अल-हैसम यांना यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण कितीही मोठ्या माणसाचं म्हणणं असलं, तरी ते तपासूनच मानायचं, ही त्यांची शिस्त पुढच्या विज्ञानाला उपयोगी पडली. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात जगाने त्यांची आवर्जून आठवण काढली, ती यासाठीच.