एमिल राकोवित्सा : भूगर्भातील जीवसृष्टीचे अभ्यासक

गुहांमध्ये व जमिनीच्या भेगांमध्ये राहणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत रुमानियन प्राणिशास्त्रज्ञ एमिल राकोवित्सा यांचे स्थान अग्रगण्य आहे. मोल्दावियातील एका जमीनदार घराण्यात १८६८ साली त्यांचा जन्म झाला. याश नगरात त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. तेथे त्यांना लाभलेले गुरू म्हणजे रुमानियन गद्याचे थोर कथाकार इयोन क्रेआंगा होत. पुढे वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी पॅरिस येथे कायद्याची पदवी घेतली. परंतु मन रमले ते प्राणिशास्त्रात. लाकाझ-द्यूतिए यांच्या मार्गदर्शनाखाली सागरी वलयी कृमींवर प्रबंध लिहून १८९६ मध्ये ते डॉक्टर झाले.

दुसऱ्याच वर्षी ‘बेल्जिका’ या जहाजावरील दक्षिण ध्रुवीय मोहिमेत निसर्गशास्त्रज्ञ म्हणून त्यांची निवड झाली. हे जहाज १८९८ च्या मार्चमध्ये बर्फात अडकले व सुमारे वर्षभर तेथेच जखडून राहिले. उपासमार, रक्तपिती आणि सूर्यहीन महिने यांना तोंड देत राकोवित्सा नमुने गोळा करीत राहिले. या मोहिमेच्या संग्रहातून प्रकाशात आलेल्या एका पंखहीन चिलटाला जहाजाचेच नाव मिळाले. याच्या अळ्या शेवाळात व ओल्या मातीत दोन हिवाळे काढतात. प्रौढ कीटक मात्र थोडेच दिवस जगतो.

१९०० पासून ते फ्रान्समधील बान्यूल्स येथील सागरी प्रयोगशाळेचे उपसंचालक होते. समुद्र हेच त्यांचे क्षेत्र राहणार, असे कोणालाही वाटले असते. परंतु १९०४ मध्ये मायोर्का बेटावरील द्राक गुहेतील तळ्यात त्यांना एक आंधळा, वर्णहीन समपाद संधिपाद प्राणी आढळला. त्याचे बहुतेक आप्त समुद्रवासी होते. हा प्राणी येथे कसा आला, डोळे कधी गमावले, या प्रश्नांनी त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

१९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा दीर्घ निबंध या शास्त्राचा पाया समजला जातो. गुहेत योगायोगाने येणारे, तेथे राहू शकणारे व केवळ तेथेच राहणारे असे प्राण्यांचे त्रिविध वर्गीकरण शिनर यांनी १८५४ मध्ये सुचविले होते. राकोवित्सांनी ते परिष्कृत करून रूढ केले. मोठ्या गुहा म्हणजे भूगर्भसृष्टीचे केवळ दर्शनी दालन असून खरी वस्ती खडकांतील अरुंद भेगांच्या जाळ्यात असते, हे त्यांनी ठासून मांडले. गुहावासी जीवांपैकी अनेकांचे पूर्वज दगडांखाली, पालापाचोळ्यात व ओलसर मातीत राहणारे, उजेड टाळणारे प्राणी असावेत, असा त्यांचा कयास होता. जातीच्या व्याख्येत त्यांनी रक्तसंबंधाइतकेच विलगतेला महत्त्व दिले. रने झानेल या भुंगेऱ्यांच्या तज्ज्ञ सहकाऱ्यासह त्यांनी ‘बिओस्पेओलोजिका’ ही ग्रंथमालिका सुरू केली व शेकडो गुहांचे संशोधन घडवून आणले. आपल्याकडे गारो टेकड्यांतील सिजू गुहेची केंप व चोप्रा यांनी १९२२ मध्ये केलेली पाहणी याच काळातील आहे.

पहिल्या महायुद्धानंतर राकोवित्सा मायदेशी परतले. १९२० मध्ये क्लुझ येथे त्यांनी जगातील पहिली गुहाविज्ञान संस्था स्थापिली. १९२६ ते १९२९ या काळात ते रुमानियन अकादमीचे अध्यक्ष होते. परंतु १९४० मध्ये उत्तर ट्रान्सिल्व्हानिया हंगेरीकडे गेला आणि सत्तरी ओलांडलेल्या या वृद्धाला संस्थेसह तिमिशोआरा येथे जावे लागले. युद्धानंतर ते क्लुझला परतले. संस्थेची घडी पुन्हा बसविण्याच्या खटपटीत असतानाच १९४७ च्या नोव्हेंबरात त्यांचे देहावसान झाले.

राकोवित्सांची सारीच मते टिकली असे नव्हे. न वापरल्याने अवयव झडतात व ते वैगुण्य वंशपरंपरेने उतरते, या विचाराकडे त्यांचा ओढा होता. आज दृष्टिलोपाचा उलगडा उत्परिवर्तने व निवड यांच्या आधारे केला जातो. भेगांविषयीचे त्यांचे प्रतिपादन मात्र काळाच्या कसोटीस उतरले. १९८० मध्ये फ्रेंच संशोधकांनी मातीखालच्या दगडगोट्यांच्या पोकळ्यांत, गुहा नसलेल्या ठिकाणीही, गुहावासी संधिपाद दाखवून दिले. माती आणि गुहा यांमधील सीमारेषा किती पुसट आहे, याची जाणीव राकोवित्सांनी सात दशकांपूर्वीच करून दिली होती.