स्वतःच लिहून ठेवलेला शेवट

समजा, तुम्ही पार्टीला गेलायत. तुमचा जिगरी दोस्त निव्वळ तुम्हाला चिडवायचं म्हणून तुमच्याच गर्लफ्रेंडसोबत नाचतोय आणि तीही मजेत हसतेय. काय कराल? भांडाल, फार तर दोघांनाही ब्लॉक कराल. दोनशे वर्षांपूर्वीच्या रशियात अशा वेळी पिस्तुलं निघायची.

हा प्रसंग अलेक्झांडर पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्यात लिहिलेल्या कादंबरीतला. अठरा वर्षांचा कवी लेन्स्की ओल्गाच्या प्रेमात आहे. त्याचा मित्र अनेगिन एका समारंभात मुद्दाम तिच्यासोबत नाचतो. लेन्स्की भडकतो आणि द्वंद्वाचं आव्हान पाठवतो. चूक आपली आहे, हे अनेगिनला कळतं. एक ‘सॉरी’ म्हटलं तर विषय संपला असता. पण लोक भित्रा म्हणतील, गावभर चर्चा होईल! बस, एवढ्यासाठी तो बर्फात जाऊन उभा राहतो आणि मित्राला गोळी घालतो. ओल्गा थोड्याच दिवसांत एका लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून मोकळी होते.

बघा, ‘लोक काय म्हणतील’ हा खुनी पुश्किनने किती नेमका पकडला होता!

पकडणारच. तो याच जगात वाढला होता. १७९९ मध्ये मॉस्कोत, खानदानी घरात जन्म. पणजोबा आफ्रिकेतून आणलेले, त्याचा त्याला अभिमान. विशीतच सत्तेला झोंबणाऱ्या कविता लिहिल्या म्हणून १८२० मध्ये राजधानीतून दक्षिणेला रवानगी. तिथे किशिनेव्ह शहरात पत्त्यांच्या डावावरून एका अधिकाऱ्याशी वाजलं, तर हा पठ्ठ्या द्वंद्वाला चेरी घेऊन गेला. समोरचा नेम धरतोय आणि हा चेरी खातोय! गोळी चुकली, याने उलट गोळी झाडलीच नाही. पुढे हाच प्रसंग त्याने एका कथेत वापरला. ‘अनेगिन’ लिहायला घेतली तीही याच शहरात, १८२३ मध्ये. पुढची सात-आठ वर्षं तो ती लिहीत होता.

१८३१ मध्ये त्याचं नताल्या गोंचारोवाशी लग्न झालं. ती अठरा वर्षांची, देखणी, दरबारात सगळ्यांच्या नजरेत भरणारी. काही वर्षांनी जॉर्ज दांतेस नावाचा तरणाबांड फ्रेंच अधिकारी उघडपणे तिच्यामागे लागला. कुजबुज सुरू झाली. नोव्हेंबर १८३६ मध्ये पुश्किन आणि त्याच्या मित्रांच्या घरी एक निनावी पत्र पोचलं. बायकोने फसवलेल्या नवऱ्यांच्या मंडळात पुश्किनची निवड झाल्याची ती कुत्सित ‘सनद’ होती. आजच्या भाषेत, कुणीतरी मीम बनवून ग्रुपवर टाकलं होतं. ते कुणी पाठवलं, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

पुश्किनने दांतेसला आव्हान दिलं. मित्र मध्ये पडले. तेवढ्यात दांतेसने नताल्याच्याच बहिणीला मागणी घातली आणि पुश्किनने आव्हान मागे घेतलं. जानेवारी १८३७ मध्ये लग्न होऊन तो साडू झाला! पण कुजबुज थांबली नाही, उलट वाढली. शेवटी पुश्किनने दांतेसच्या मानलेल्या वडिलांना जहरी पत्र लिहिलं. यावेळी आव्हान तिकडून आलं.

आजच्या कॅलेंडरप्रमाणे तारीख ८ फेब्रुवारी १८३७. पुश्किन आपला शाळासोबती दान्झास याला साक्षीदार म्हणून घेऊन निघाला. वाटेत समोरून नताल्याची गाडी गेली. तिची नजर अधू होती आणि हा दुसरीकडे बघत होता. चुकामूक झाली. शहराबाहेर, गुडघाभर बर्फात दोघे समोरासमोर उभे राहिले. दांतेसने आधी गोळी झाडली, ती पुश्किनच्या पोटात लागली. त्याने पडल्या पडल्या नेम धरला, पण दांतेस किरकोळ जखमेवर बचावला. दोन दिवसांनी पुश्किन गेला. वय ३७. मागे २४ वर्षांची बायको आणि चार लहान मुलं. दांतेसची रशियातून हकालपट्टी झाली. तो फ्रान्सला परतला, सिनेटर झाला आणि १८९५ पर्यंत जगला.

आणि हे इथेच संपत नाही. पुश्किनच्या मृत्यूवर संतापून कविता लिहिली म्हणून लेर्मोंतोव या तरुण कवीला कॉकेशसला पाठवलं गेलं. त्यानेही कादंबरीत एक द्वंद्व रंगवलं आणि १८४१ मध्ये, अवघ्या २६व्या वर्षी, जुन्या सहाध्यायाच्या गोळीने द्वंद्वातच मेला. कारण? त्याने लोकांसमोर केलेली चेष्टामस्करी.

दोघंही हुशार होते. या खेळातला फोलपणा दोघांनी आपल्याहून चांगला ओळखला होता, कागदावर उतरवलाही होता. तरी चार लोक बघतायत म्हटल्यावर पाय मागे घेणं दोघांनाही जमलं नाही. म्हणूनच ‘अनेगिन’ वाचाच. लेन्स्कीसाठी वाईट वाटेलच, पण अनेगिन ‘सॉरी’ म्हणायचं टाळतो, त्या ओळींपाशी जरा थांबा. ग्रुपवर सगळ्यांसमोर तुमची कुणी खेचली आणि बोटं टाइप करायला शिवशिवली, तर त्या आठवतील.