इन्सुलिन शोधणारे डॉ. बँटिंग

डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडा देशात झाला. आपला बालदिन पण १४ नोव्हेंबरलाच असतो. त्यांचे वडील शेतकरी होते. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. कॉलेजात पहिल्याच वर्षी ते नापास झाले, पण त्यांनी शिक्षण सोडले नाही. ते डॉक्टर झाले. १९१८ साली लढाईत हाताला जखम झाली तरी ते सैनिकांवर उपचार करत राहिले.

त्या काळी मधुमेह झालेली लहान मुले वाचत नसत. त्यांना सारखी तहान लागायची, सारखी लघवी व्हायची आणि ती पार वाळून जायची. डॉक्टर त्यांना अगदी थोडे जेवण द्यायचे. त्याने मुले थोडे दिवस जास्त जगायची, एवढेच.

आपल्या पोटात स्वादुपिंड असते. त्यात इन्सुलिन तयार होते. ते रक्तातली साखर ताब्यात ठेवते. १९२१ साली टोरांटो शहरात बँटिंग व त्यांचा मदतनीस चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ते मिळवले. प्रा. मॅक्लाउड यांनी त्यांना जागा दिली. कॉलिप यांनी औषध शुद्ध केले.

जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इंजेक्शन दिले. त्याचे वजन फक्त ३० किलोच्या आसपास होते. पहिल्या वेळी गुण आला नाही. १२ दिवसांनी शुद्ध औषध दिले आणि साखर उतरली! तो मुलगा पुढे १३ वर्षे जगला.

१९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंग यांनी आपले अर्धे पैसे बेस्टला दिले. इन्सुलिनचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला दिले. २१ फेब्रुवारी १९४१ रोजी विमान अपघातात ते वारले.

इन्सुलिनने मुले जगतात, पण आजार मुळातून जात नाही. आपल्या रक्तातले सैनिक रोगजंतूंशी लढतात. या आजारात ते चुकून आपल्याच स्वादुपिंडावर हल्ला करतात. त्यांना शांत करणारे एक औषध २०२२ साली अमेरिकेत मंजूर झाले. त्याने आजार थोडी वर्षे लांबतो.

आई-बाबांनो, मूल फार पाणी पीत असेल आणि वाळत असेल तर लगेच दवाखान्यात न्या. इंजेक्शन चालू असेल तर ते मनाने बंद करू नका.

अशा या थोर डॉक्टरांना माझा नमस्कार.

— इयत्ता ४ थी