इंद्रायणीत सोडलेली कर्जखते

फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे तुकाराम बीज. या दिवशी कीर्तनास उभे राहिलो, की वह्यांच्या कथेआधी आम्हांस महाराजांची कर्जखते आठवतात.

देहूच्या या घराण्यात विठ्ठलभक्तीबरोबर महाजनकी व सावकारीही वंशपरंपरेने आली होती. इ. स. १६३०-३१ च्या भीषण दुष्काळात व्यापार बुडाला. प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, पाठोपाठ पुत्रही गेला. अशा वेळी मनुष्य उरलेसुरले घट्ट धरून ठेवतो. घरी द्वितीय पत्नी जिजाबाई, समोर उपासमारीचे भय. तुकोबांनी मात्र कर्जखते बाहेर काढली. निम्मी बंधू कान्होबांच्या वाट्यास दिली, स्वतःची निम्मी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ऋणको मोकळे झाले आणि भावाचा संसारही आपल्या निश्चयाच्या भरीस पडला नाही.

पुढे अभंगांच्या वह्याही त्याच नदीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवस ते अन्नपाण्यावाचून काठी बसून राहिले. वह्या तरल्या, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. त्या तेरा दिवसांचे धैर्य कर्जखते सोडली तेव्हाच साधले होते, असे आम्हांस वाटते.

देहूस जाणाऱ्या भाविकांनी इंद्रायणीस हात जोडताना वह्यांबरोबर त्या कर्जखतांचेही स्मरण करावे.